म्हातारी वाघावर का ओरडतेय? घरचं रेकॉर्डिंग आणि ट्यूब प्रीअँप



२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्यापैकी कितीतरी जण घरी बसून कविता, गोष्टी, पाठ रेकॉर्ड करायला लागलो. तेव्हा गरज होती, आता सवय झाली आहे. मोबाइलवर सुरुवात होते, मग मायक्रोफोन येतो, आणि मग कोणीतरी हमखास सांगतं, "कॉम्प्रेसर असलेला ट्यूब प्रीअँप घ्या, आवाज अगदी रेडिओसारखा येईल." मीही ऐकलं आणि घेतला. आज त्याबद्दल माझं मत सांगते. घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण काय घेतोय आणि मुलांच्या कानापर्यंत काय पोहोचतंय, ते आधी समजून घ्या.

प्रथम प्रीअँप म्हणजे काय ते पाहू. मायक्रोफोनमधून येणारा विद्युत संकेत फारच क्षीण असतो, जेमतेम काही मिलिव्होल्टचा. तो वाढवण्याचं काम प्रीअँप करतो. ट्यूब प्रीअँपमध्ये या कामात काचेची नलिका असते. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत असायची त्याच जातीची. आजच्या बऱ्याच ट्यूब प्रीअँपमध्ये १२एएक्स७ नावाची नलिका सापडते. तिच्यावर थोडा जोर दिला की ती मूळ आवाजात स्वतःची भर घालते, मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची. संगीताच्या भाषेत सांगायचं तर मध्य सप्तकातल्या सा सोबत तार सा अगदी हळूच मिसळतो. आवाजाला 'ऊब' येते म्हणतात ती ही. कानाला छान लागते, पण ती भर आहे, मुळातली स्पष्टता नाही. जास्त झाली की 'स' आणि 'श' चरचरायला लागतात.

आता कॉम्प्रेसर. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल लहान होते तेही कॉम्प्रेशनच, पण ते वेगळं. इथे फाइल नाही, आवाजातला चढउतार लहान होतो. आपण एक उंबरठा ठरवायचा. आवाज त्याच्या वर गेला की यंत्र तो दाबतं. किती दाबायचं ते गुणोत्तराने ठरतं. समजा ४:१ ठेवलं, तर उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर गेलेला आवाज बाहेर पडताना फक्त ३ डेसिबल वर राहतो. सगळं दबल्यावर आवाज कमी वाटतो, म्हणून शेवटी पूर्ण पातळी वर उचलतात. मोठा आवाज खाली, लहान आवाज वर!

याचा फायदा खरा आहे, तो नाकारायचा नाही. माझ्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगबद्दल एका आईने सांगितलं होतं, "बाई, तुम्ही हळू बोललात की काहीच ऐकू येत नाही, फोन कानाला लावावा लागतो." एका बाजूला मिक्सर चालू, दुसरीकडे लहान भाऊ रडतोय, आणि हातात छोट्या स्पीकरचा फोन. अशा घरात थोडं कॉम्प्रेशन ही सोयच आहे.

पण मी थोड्यावर थांबले नाही. गुणोत्तर ८:१ केलं, उंबरठा बराच खाली आणला, आणि म्हातारी व भोपळ्याची गोष्ट रेकॉर्ड केली. हेडफोनवर ऐकून स्वतःवरच खूश झाले. दुसऱ्या दिवशी दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, म्हातारी वाघावर का ओरडतेय?"

मी पुन्हा ऐकलं. वाघाची डरकाळी आणि म्हातारीचा घाबरलेला बारीक आवाज, दोन्ही एकाच पातळीवर! मी कुजबुजले होते, यंत्राने ते पुसून टाकलं होतं. गोष्ट सांगताना आपण आवाज उगाच लहानमोठा करत नाही ना? भीती, गंमत, थांबणं, सगळं त्यातूनच मुलांना कळतं. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी तर तोच विरामचिन्हांचा पहिला धडा असतो.

पहिलीच्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. मुळाक्षरं शिकवताना प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला फरक क्षणभराच्या झटक्यात आणि त्यामागून येणाऱ्या श्वासात असतो. कॉम्प्रेसर फार झटपट आणि फार जोरात दाबायला लावला की व्यंजनाचा झटका बोथट होतो. आपण शिकवतोय तोच फरक पुसट होतो.

आणि पंखा! पातळी ९ डेसिबल वर उचलली की मागचा पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा भाजीवाला हेही तेवढेच वर येतात. यंत्राला कोण शिकवतंय आणि कोण भाजी विकतंय ते कळत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की पैसे खर्च करण्याआधी खोली आणि अंतर सुधारा. पंखा बंद करा. भिंतीजवळ गोधड्या टांगा किंवा कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसा, घुमारा बराच कमी होतो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, भ म्हणताना हवेचा फटका थेट बसत नाही. अंतर दुप्पट केलं तर मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, म्हणून बोलताना मागेपुढे डुलू नका. एवढं जमलं की निम्मा कॉम्प्रेसर नकोसाच होतो.

ज्यांच्याकडे असा प्रीअँप आहेच, त्यांनी हे करून पाहा. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचं बटण चालू करा, साध्या डायनॅमिक माइकला ते लागत नाही. प्रीअँपची वायर रेकॉर्डिंगच्या इंटरफेसमध्ये 'लाइन' इनपुटला जोडा. 'माइक' इनपुटला जोडली तर वाढवलेला आवाज पुन्हा वाढतो आणि फाटतो. गुणोत्तर २:१ ठेवा आणि सगळ्यात मोठ्या शब्दालाही काटा ३ डेसिबलपेक्षा जास्त हलू देऊ नका. पुढे हवं तर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आणखी कॉम्प्रेशन देता येतं आणि नाही आवडलं तर काढताही येतं. रेकॉर्ड करतानाच दाबलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर पातळी थोडी खाली ठेवली तरी बिघडत नाही, त्यामुळे आधीच दाबून घेण्याची घाईही नाही.

मी ती गोष्ट पुन्हा रेकॉर्ड केली, दुपारी, पंखा बंद करून, घामाघूम होत. या वेळी म्हातारी घाबरलेली कळली. फोन कानाला लावावा लागला का, हे त्या आईलाही विचारलं. "नाही लागला," म्हणाल्या.

पालकहो, तुमच्याकडूनही मदत हवी आहे. शिक्षकांनी पाठवलेला पाठ ऐकताना मुलाला कुठला शब्द कळला नाही, कुठे आवाज बुडाला, ते शिक्षकांना जरूर सांगा. आणि शिक्षक मित्रांनो, आज एकच उतारा दोनदा रेकॉर्ड करा, एकदा कॉम्प्रेसर लावून, एकदा न लावता. स्वतःच्या हेडफोनवर निवड करू नका. घरातल्या सगळ्यात साध्या फोनवर एखाद्या मुलाला दोन्ही ऐकवा आणि त्यालाच विचारा, गोष्टीत काय झालं?