आपला कर्नेल, आपली जबाबदारी

लिनक्स वापरणारे आपल्याकडे थोडे, आणि त्याचा कर्नेल स्वतः बांधून पाहणारे त्याहून थोडे. तरी हा विषय मी इथे घेतला आहे, कारण त्यात स्वातंत्र्य आणि शिस्त यांचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. शिवाय तो आपल्या कपाटातल्या कागदांपर्यंत येऊन पोहोचतो.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. आणि फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर काय कुठे ठेवलं आहे, याचा हिशेब ठेवणारी वही. ही वही बिघडली की कागद जागेवर असूनही सापडत नाही. म्हणूनच नव्या फाइल सिस्टिमवर कोणी पटकन विश्वास टाकत नाही.

केंट ओव्हरस्ट्रीट यांची बीकॅशएफएस ही अशीच एक नवी फाइल सिस्टिम. जुन्या नोंदीवर खाडाखोड न करता ती बदल नव्या जागी लिहिते. प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्याही ती जपून ठेवते, त्यामुळे डिस्कवरचा मजकूर गुपचूप बिघडला तर ते लक्षात येतं. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या लिनक्स 6.7 मध्ये तिचा अधिकृत समावेश झाला, तोही ‘प्रायोगिक’ असा शिक्का मारून.

पुढे वाद झाला. लिनक्सचा नियम असा की प्रत्येक आवृत्तीच्या सुरुवातीला साधारण दोन आठवडे नवीन गोष्टी घेतल्या जातात. त्यानंतर फक्त दुरुस्त्या. 2025 मध्ये 6.16 च्या तयारीत ओव्हरस्ट्रीट यांनी ही मुदत उलटल्यावर डेटा परत मिळवण्याची एक नवी सोय पाठवली. वापरणाऱ्यांचा डेटा वाचवायचा आहे, मग थांबायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती घेतली, पण आता आपले रस्ते वेगळे, असंही सुनावलं. 6.18 मध्ये बीकॅशएफएस कर्नेलमधून काढून टाकण्यात आली.

या वादात मला टोरवाल्ड्स यांचं म्हणणं पटतं. ओव्हरस्ट्रीट यांची नियत चांगली होती, यात शंका नाही. पण जमातीत उभं राहिल्यावर इमामाच्या आधी रुकूत जाता येत नाही. आपली नियत कितीही साफ असली तरी. ज्या कर्नेलवर जगभरची यंत्रं चालतात, तिथे एकाची घाई सगळ्यांना भोवू शकते.

मात्र नफिल नमाज आपण घरी आपल्या गतीने पढतो. लिनक्समध्येही तशी जागा आहे. 1992 पासून ते जीपीएल परवान्याखाली आहे, त्यामुळे त्याचा मूळ कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि बांधण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. जमातीची शिस्त मला मान्य होते ती या हक्कामुळेच. बाहेर काढलेली बीकॅशएफएस त्यामुळे संपली नाही. आज ती वेगळं मॉड्यूल म्हणून जोडता येते, किंवा ती ज्यात अजून आहे तो 6.12 सारखा दीर्घ मुदतीचा कर्नेल स्वतः बांधता येतो.

बांधणं तितकंसं अवघड नाही. चालू कर्नेलची कॉन्फिग फाइल आधार म्हणून घ्यायची, ‘मेक मेन्युकॉन्फिग’ देऊन फाइल सिस्टिमच्या यादीत बीकॅशएफएससमोर ‘एम’ निवडायचा, मग बांधणी करून मॉड्यूल आणि कर्नेल बसवायचे. जुन्या लॅपटॉपवर यात तासन्‌तास जातात. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलं तर फक्त त्या वेळी चालू असलेली मॉड्यूल निवडली जातात आणि वेळ वाचतो. पण तेव्हा न जोडलेलं उपकरण नंतर ओळखलं जाईलच असं नाही. डिस्क तयार करायला बीकॅशएफएस-टूल्स वेगळी घ्यावी लागतात. जुना कर्नेल बूटच्या यादीत राहू द्यावा, म्हणजे नवा चालला नाही तर परतीची वाट मोकळी राहते.

खरी परीक्षा यानंतर आहे. स्वतः बांधलेल्या कर्नेलला डिस्ट्रिब्यूशनच्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. प्रत्येक वेळी नवा कोड आणून पुन्हा बांधणं हे आपलंच काम. हक्क घेतला की त्याची देखभालही गळ्यात येते.

आणि त्या डिस्कवर ठेवायचं काय? आपल्यातले बरेच जण हल्ली निकाहनामे, वक्फचे कागद, जुन्या उर्दू मासिकांचे अंक स्कॅन करून संगणकात ठेवतात. चांगलंच आहे. पण हे कागद आपले एकट्याचे नसतात, ती अमानत असते. अमानतीवर प्रयोग करण्याचा हक्क कुठलाच परवाना देत नाही. ज्याची दुसरी प्रत सुरक्षित आहे, तेवढंच प्रायोगिक डिस्कवर जावं. तवक्कुल आपण करतोच, पण आधी उंट बांधायचा असतो.

याचा अर्थ प्रयोग करूच नये असा नाही. आज सर्रास वापरली जाणारी एक्स्ट४ ही फाइल सिस्टिमसुद्धा 2006 मध्ये कर्नेलमध्ये आली तेव्हा विकासाधीनच होती. 2008 च्या अखेरीस ती भरवशाची म्हणून जाहीर झाली. मधल्या काळात कोणीतरी आपल्या डिस्कवर ती चालवली, चुका कळवल्या, म्हणून आज आपण निर्धास्त आहोत. हे काम नेहमी दुसऱ्यांनीच करावं आणि आपण फक्त तयार माल वापरावा, हे मला पटत नाही. आपल्या मुलांना आपण संगणकाची बटणं शिकवतो. आत काय चाललं आहे ते उघडून पाहण्याचा हक्क आपल्यालाही आहे, हे मात्र सांगत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी एखाद्या रिकाम्या, जुन्या यंत्रावर एकदा तरी कर्नेल बांधावा. तो बंद पडला तर का पडला, हे शोधण्यातच निम्मं शिक्षण आहे.