आधी ओळख, मग औषध

ताप, खोकला, घटलेले वजन आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर डाग. एवढे दिसले की आपल्याकडे क्षयाचे निदान जवळजवळ ठरलेलेच असते. अनेकदा ते योग्यही असते. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसताना केवळ अंदाजाने क्षयाची औषधे घेणाऱ्या काही रुग्णांचा खरा वैरी निराळाच असतो.

मेलिऑयडोसिस हा असाच एक रोग. त्याचा जिवाणू, बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलेई, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात वास करतो. पावसाळ्यात तो जखमेतून वा श्वासावाटे शरीरात शिरतो आणि मधुमेहींना विशेषकरून गाठतो. न्यूमोनिया हे त्याचे सर्वाधिक आढळणारे रूप होय.

हा रोग आपल्याला नवा नाही. ब्रह्मदेश हिंदुस्थानचा प्रांत असताना, १९११ साली रंगून येथे आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी तो प्रथम ओळखला. १९९१ साली मुंबईतील एका बालकात तो आढळल्याची नोंद झाली. पुढे मणिपाल आणि वेल्लोर येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी चिकाटीने शोध घेतला, तेव्हा रुग्ण सापडत गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना हा रोग होतो आणि ८९,००० दगावतात. त्यात दक्षिण आशियाचा वाटा मोठा आहे.

मग तो आपल्या रुग्णालयांत दिसत का नाही? कारण बहुतेक ठिकाणी कल्चर चाचणीच होत नाही. झाली तरी अननुभवी नजर या जिवाणूला स्यूडोमोनास समजते किंवा नमुन्यातील दूषण मानून टाकून देते. नेहमीची अनेक प्रतिजैविके त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून आणि त्यानंतर किमान तीन महिने गोळ्या, असा उपचार वेळेवर मिळाला तर प्राण वाचू शकतात.

रुग्णालयांच्या नव्या इमारतींची उद्घाटने थाटात होतात. परंतु सूक्ष्मदर्शकापाशी बसणारा प्रशिक्षित सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असावा, हा आग्रह कोणी धरत नाही. तो शासनाकडे समाजानेच धरला पाहिजे. अत्यवस्थ रुग्णाचा उपचार अहवालासाठी थांबवू नये, हे खरे. पण औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताचा व थुंकीचा नमुना घेण्यास कितीसा वेळ लागतो? आप्तांनी तेवढे नम्रपणे विचारावे. वैऱ्याचे नाव ठाऊक नसताना चालविलेले शस्त्र बहुधा रुग्णालाच लागते.