दारामागची वही

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब भंडारदऱ्यास गेलों होतों. १९२६ सालीं पुरें झालेलें धरण पाहून बारीस आलों; परंतु १६४६ मीटर उंच कळसूबाईच्या पहिल्याच शिडीशीं आमचा दम संपला. मुलें वर गेलीं. आम्हीं पिशव्या राखल्या! मधुमेहाचा इशारा डॉक्टरांनीं दिलेलाच होता. घरीं येतांच सूनबाईंनीं स्वयंपाकघराच्या दारामागें वही टांगली: पहांटेचे नमस्कार, फिरणें, रात्रीचें जेवण, रविवारचें वजन; खालीं आमची सही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचा दाखला देऊन नमस्कारांचें माहात्म्य आम्ही लोकांस वर्षानुवर्षें सांगत आलों. तरी एके दिवशीं एकही न घालतां ‘१२’ लिहिले. नातीनें तें खोडून शून्य केलें. सही मात्र आम्हांसच करावी लागली.