एका नदीचे दोन पाहुणे

भुसावळकडील एका वाचकभगिनींनीं गेल्या महिन्यांत एक प्रश्न पाठविला आहे. त्या लिहितात कीं, लेवा पाटीदार आणि गुजर हे दोन्ही समाज मूळचे गुजराथ-माळव्याकडचे, दोन्ही जातिवंत शेतकरी, दोन्ही तापीच्या कांठीं वसलेले. असें असतां पूर्वेकडील लेव्यांचीं मुलें पुण्यामुंबईस कारखान्यांत व कचेऱ्यांत दिसतात आणि पश्चिमेकडील गुजरांचीं मुलें गांवींच राहून साखर कारखाना, संस्था व शेती सांभाळतात, हें कां? प्रश्न विचारणीय खरा. प्रस्तुत लेखकाचें अर्धें आयुष्य जळगांव जिल्ह्यांतील मुलांस शिकविण्यांत व उरलेलें धुळ्याकडील मुलांस शिकविण्यांत गेलें असल्यामुळें या विषयावर चार शब्द लिहिण्याचें धाडस होत आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशांत १९३१ नंतरच्या खानेसुमारींत सर्व जातींचे वेगवेगळे आंकडे छापले गेले नाहींत. जिल्ह्याचे आंकडे मिळतात, जातीचे मिळत नाहींत. म्हणून “अमुक समाज इतका टक्के शिकला” असें जो कोणी छातीठोकपणें सांगेल त्याच्यावर वाचकांनीं विश्वास ठेवूं नये. आम्ही सांगणार तें डोळ्यांनीं पाहिलेलें, आणि जेथें आंकडा देऊं तेथें तो जिल्ह्याचा समजावा.

दोघांच्याही मूळकथा मनोरंजक आहेत. लेवा म्हणजे रामपुत्र लवाचे वंशज आणि कडवा म्हणजे कुशाचे, अशी पाटीदारांत जुनी समजूत आहे. कथेस कोण नाहीं म्हणणार? परंतु कुशापासून कडवा कोणत्या सूत्रानें होतो तें पाणिनीस विचारूनही कळणार नाहीं. गुजरांतील रेवे गुजर हें नांव मात्र अर्थपूर्ण दिसतें. रेवा हें नर्मदेचें नांव अमरकोशांत आहे, आणि नर्मदेच्या खोऱ्यांतून सातपुडा ओलांडून तापीकांठीं उतरलेले ते रेवे, ही व्युत्पत्ति भूगोलास धरून आहे. दोडे गुजर म्हणून दुसरी एक शाखा आहे, तिच्या नांवाविषयीं तर्क करण्याचें आम्ही टाळतों. कांहीं असो, दोन्ही समाज येथें येऊन कित्येक शतकें लोटलीं. एक मौज अशी कीं, लेव्यांनीं आपली मूळ भाषा अगदींच टाकली व लेवा गणबोली म्हणून एक गोड मराठी घडविली; गुजरांच्या घरांत मात्र शहादे-तळोद्याकडे आजही गुजरी बोली ऐकूं येते.

येथें आपल्या घरांतील वाचकांस एक सांगावेंसें वाटतें. “बाहेरून आलेले” हा शब्द आपण फार लवकर दुसऱ्यास लावतों. खानदेशांतील आपल्यापैकीं बहुतेक कुटुंबें पेशवाईंत दप्तराबरोबर, नाहीं तर त्यानंतर इंग्रजी शाळा-कचेऱ्यांबरोबर आलीं. कुळकर्णीपणाचीं वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं पुष्कळांच्या जमिनी कुळांच्या नांवें झाल्या, आणि त्या कुळांत लेवा व गुजर दोघेही होते. कित्येक घरांत त्याचा राग अद्याप धुमसतो. पण नांगर ज्याचा हातीं होता त्याचीच ती जमीन झाली, हें मानण्यास आतां हरकत नसावी.

आतां पूर्वेकडे वळूं. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हां १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्यामागची धामधूम यांनीं मुलूख उजाड झाला होता. पुढें अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीनें कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच दशकांत आगगाडी भुसावळास पोंचली. रावेर, यावल, भुसावळ या भागांतील लेव्यांच्या भाग्याचें बीज माझ्या मतें येथें आहे. सातपुड्याच्या पायथ्याची गाळाची जमीन, तीत विहिरीचें पाणी, आणि दाराशीं रेल्वेचा मुख्य मार्ग. केळी हें पीक असें आहे कीं, घड कापल्यावर तो थांबत नाहीं. कापूस कोठारांत ठेवून भावाची वाट पाहतां येते, केळ्याची पाहतां येत नाहीं. म्हणून केळी लावणाऱ्यास आज दिल्लीस काय भाव आहे, उद्यां वाघिण मिळेल कीं नाहीं, हें कळणें अगत्याचें. रावेर, निंभोरा, सावदा या स्थानकांवरून केळीच्या वाघिणी उत्तरेस जात. त्यासाठीं शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन फ्रूटसेल सोसायट्या काढल्या. हिशेब, पत्रव्यवहार, तारा, रेल्वेचे नियम यांचें ज्ञान नसेल तर केळीची शेती करतां येत नाहीं. शाळेचें महत्त्व त्या समाजास आम्हां मास्तरांनीं शिकविलें असें आम्ही म्हणत असतों. खरें पाहतां तें केळीनें शिकविलें.

दुसरें कारण वाटणीचें. दाट वस्तीचा मुलूख, पिढी दर पिढी भावांत वाटण्या, त्यामुळें शेत लहान लहान होत गेलें. चार भावांपैकीं एकानें शेत पाहावें आणि तिघांनीं शिकावें, ही रीत गरजेंतून पडली. भुसावळची रेल्वे, वरणगांवचा दारूगोळ्याचा कारखाना, दीपनगरचें वीजकेंद्र, पुढें पिंपरी-चिंचवड, असा तो ओघ आहे. १९३६ च्या डिसेंबरांत फैजपूरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनीं बांबूची नगरी सजविली होती. त्या कामांत राबलेले खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांच्या नांवाचें महाविद्यालय फैजपूरास १९६१ पासून आहे. त्यांचे पुत्र मधुकरराव राज्याचे शिक्षणमंत्री झाले व १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष होते. शेतकऱ्याच्या घरांतून शिक्षणाचा असा वारसा चालावा, ही साधी गोष्ट नव्हे.

याच समाजांत बहिणाबाई चौधरी झाल्या. आसोद्यास १८८० सालीं जन्म, अक्षरओळख नाहीं, तरुणपणींच वैधव्य. जात्यावर आणि शेतांत जें सुचलें तें पुत्र सोपानदेव यांनीं टिपून ठेवलें, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालें. निरक्षर बाईच्या नांवें २०१८ पासून जळगांवचें विद्यापीठ ओळखलें जातें. त्यांच्या नातीपणतींच्या वयाच्या किती तरी मुली आज अभियंत्या व डॉक्टर आहेत.

परंतु या चित्रास काळी बाजू आहे आणि ती झांकणें बरें नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत जळगांव जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागें मुली ८४२ निघाल्या. २००१ सालीं त्या ८८० होत्या. हा आंकडा सर्व जातींचा मिळून आहे, एकाच समाजावर तो लादणें अन्यायाचें होईल. ब्राह्मण घरांनींही आपले हात तपासून पाहावे. तरी जो जिल्हा शाळांत पुढें, पैशांत पुढें, सोनोग्राफीच्या यंत्रांतही पुढें, तोच मुलींत मागें पडला, हें विसरतां येत नाहीं. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा १९९४ चा, म्हणजे हा ऱ्हास कायदा असतांना झालेला. त्याचें फळ आतां विवाहाच्या बाजारांत दिसतें. मुली थोड्या, ज्या आहेत त्या शिकलेल्या, त्यांस पुण्याचा नोकरदार हवा. शेत पाहण्यासाठीं मागें राहिलेला चौथा भाऊ, ज्याच्या कष्टावर तिघे शिकले, तो पस्तीस वर्षांचा होऊन बसला आहे. पाडळसें येथील भोरगांव लेवा पंचायतीचे कुटुंबनायक परंपरेनें घरगुती तंटे मिटवितात. पण वधूच नसेल तर तंटा कोणाशीं? यावल-रावेरच्या विहिरी आटून बोअर शेंकडों फूट खोल गेल्या आहेत, ही त्या चौथ्या भावाची दुसरी चिंता.

जातां जातां तिसऱ्या पाहुण्याचाही उल्लेख केला पाहिजे. मारवाडांतून आलेल्या ओसवाल घराण्यांतील, वाकोदचे भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांनीं ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित केळीचीं रोपें हा धंदा जळगांवास उभारला. जुन्या बसराईची जागा ग्रँड नैन जातीनें घेतली ती बव्हंशी या रोपांमुळें. एक समाज पेरतो व दुसरा विकतो अशी जुनी विभागणी होती. पाणी कमी होतांच दोघे एका नळीनें जोडले गेले.

आतां पश्चिमेकडे. शहादें, तळोदें, शिरपूर हा भाग तापीच्या उत्तरेस आहे. तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास झाली खरी, पण ती नदीच्या दक्षिणेनें नंदुरबार-दोंडाईचावरून गेली. शहाद्याच्या गुजरास आजही गाडी धरावयाची तर तापी ओलांडावी लागते. दारांत स्थानक नाहीं म्हणून दिल्लीचा बाजार दूर, नोकरीची वाट दूर. आणि शेती मात्र उत्तम, गोमाई व तापी यांच्या कांठची काळीभोर जमीन, पूर्वेकडच्यापेक्षां मोठ्या तुकड्यांची. मोठें शेत असलें कीं मुलास घरीं ठेवणें परवडतें, किंबहुना ठेवावेंच लागतें. या लोकांनीं पैसा गांवांत राखला व गांवांतच गुंतविला. पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकारानें सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याभोवतीं पुरुषोत्तमनगर वसलें, आणि पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-महाविद्यालयांनीं शहाद्याचें रूप पालटलें. गुजरांस मागासलेले म्हणणारा मनुष्य शहाद्यास गेलेला नाहीं, एवढेंच म्हणावें लागेल.

तथापि पश्चिमेचें खरें वेगळेपण जमिनींत नाहीं, त्या जमिनीवर राबणाऱ्या माणसांत आहे. १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळा झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत २०११ सालीं शेंकडा ६९ लोक आदिवासी होते; जळगांवांत शेंकडा १४. गुजर ज्या मुलखांत आले तो भिल्लांचा होता. कर्जापायीं, कागदावरील अंगठ्यापायीं आणि साक्षरांच्या चतुराईपायीं भिल्लांच्या किती तरी जमिनी शेतकरी व सावकार यांच्याकडे गेल्या आणि मूळ धनी त्याच शेतांत सालदार झाला. यांत केवळ गुजरच होते असें नाहीं, आणि सर्व गुजर तसे होते असेंही नाहीं. पण त्यांचा वांटा मोठा होता. १९७१ सालीं पाटीलवाडीस प्रकरण गोळीबारापर्यंत गेलें. शेतमालकांनीं पीक संरक्षणाची संस्था काढली होती. उलट बाजूस अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल तरुण, सर्वोदयाचे कार्यकर्ते आणि १९७२ पासून श्रमिक संघटना उभी राहिली. स्त्रियांनीं दारूचे गुत्ते फोडले. अंबरसिंग १९७४ सालींच वारला. त्याच वर्षींचा, आदिवासींस त्यांच्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा अनेक कारणांनीं झाला, पण शहाद्याच्या चळवळीचें नांव त्यांत पहिलें घ्यावें लागतें.

लेव्यांकडेही सालदार होते आणि आहेत. तडवी व पावरा मजुरांच्या घामावरच केळीच्या बागा उभ्या आहेत. मात्र तेथें लहान शेताचा मालक स्वतः चिखलांत उतरत आला, म्हणून मालक व मजूर यांतील अंतर तितकें विस्तारलें नाहीं, असें आमचें निरीक्षण आहे. तेव्हां भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर असें देतां येईल: लेवा मुलगा बाहेर गेला तो शेत अपुरें पडलें आणि गाडी जवळ होती म्हणून, गुजर मुलगा घरीं राहिला तो शेत पुरेसें होतें आणि त्यावर राबण्यास स्वस्त हात मिळत होते म्हणून. यांत एकाची बुद्धि अधिक व दुसऱ्याची कमी हा प्रश्नच येत नाहीं. वर्गांत दोघांचीही मुलें गणितांत सारखींच हुशार असत. व्याकरणांत सारखींच कंटाळत.

साक्षरतेचे आंकडे पाहतां २०११ सालीं जळगांव शेंकडा ७८ आणि नंदुरबार शेंकडा ६४ होता. हें अंतर गुजरांच्या मुलांनीं पाडलेलें नाहीं. तें सालदारांच्या मुलांनीं शाळा सोडल्यानें पडलेलें आहे. खानदेशांत सालदाराचें वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलतें. पूर्वी त्या दिवशीं धान्य, कपडे व रोख रक्कम ठरवून माणूस वर्षासाठीं बांधला जाई. आतां आखाजी येते, पण सालदार मिळत नाहीं, अशी तक्रार शहाद्यास व रावेरास एकाच सुरांत ऐकूं येते. तो गेला कोठें? नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरांतील कुटुंबें दिवाळीनंतर कोयते घेऊन बारडोली-सुरतेकडील उंसाच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्यांत परततात. ज्या दिशेनें लेवा व गुजर एके काळीं आले, त्याच दिशेस आतां हे निघाले आहेत. त्यांच्या मुलांचीं नांवें तोंवर हजेरीपटावर असतात, आणि नांवापुढें ओळीनें गैरहजेरीच्या खुणा.