कारण नाही, हे लेखी मिळेल

भाच्यानं झडतीची पावती माझ्यापुढे टाकली. कॉलेजातून येताना स्टेशनबाहेर पोलिसांनी अडवलं, खिसे चाचपले, दप्तर उपसलं. निघाला चिवड्याचा डबा. "मामा, संशय कसला होता?" पावतीवर उत्तर होतं: कलम 60. म्हणजे, संशय लागतच नाही.

अमेरिकन मालिका पाहून आपण 'प्रॉबेबल कॉज' घोकतो. इथं ब्रिटनमधला शब्द 'रीझनेबल ग्राउंड्स', वाजवी आधार. तो सुखासुखी आला नाही. 1824 च्या भटकेगिरीच्या कायद्याखाली काळी पोरं नुसती 'संशयित' म्हणून उचलली जात. याच रागातून एप्रिल 1981 मध्ये लंडनचं ब्रिक्स्टन पेटलं. त्याच वर्षी त्या कायद्यातलं 'संशयिता'चं कलम गेलं. 1984 च्या 'पेस' या पोलिसांच्या अधिकारांवरच्या कायद्यानं झडतीला वाजवी आधाराची अट घातली. नुसता कातडीचा रंग हा आधार नव्हे, असंही त्याची संहिता बजावते. पोलिसांना पाठ करायला लावतात त्या 'गोवाइजली' या झडतीच्या आद्याक्षर-सूत्रातलं पहिलं अक्षरच ग्राउंड्सचं!

आणि 1994 मध्ये संसदेनंच मागचं दार उघडलं: हेच ते कलम 60. गंभीर हिंसाचाराची शक्यता दिसली की इन्स्पेक्टर एखाद्या भागापुरता 24 तासांचा हुकूम काढू शकतो. मग तिथं हत्यारासाठी कुणालाही चाचपा. संशय मोहल्ल्यावर, हात पोराच्या खिशात. 2015 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानंही ते चालवून घेतलं.

त्याच ब्रिक्स्टनचा तुरुंग मराठी माणसाला ठाऊक आहे. 13 मार्च 1910 रोजी व्हिक्टोरिया स्टेशनवर पकडलेल्या सावरकरांना तिथंच ठेवलं होतं. त्यांना हिंदुस्थानात धाडायचं तर 1881 च्या कायद्याप्रमाणे बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटपुढे गुन्ह्याचं 'सबळ किंवा संभाव्य अनुमान' निघेल इतका पुरावा मांडणं भाग होतं. चाळणीची भोकं मोठी होती. सावरकर 'मोरिया' बोटीवर चढवले गेलेच. पण चाळणी होती. प्रत्यार्पण वेगळं, झडती वेगळी, मान्य. तरी ज्याला राजद्रोही ठरवलं त्याच्यासाठी साम्राज्यानं कारणाचं निदान सोंग आणलं. चिवडेवाल्या पोरासाठी लोकशाही तेवढीही तसदी घेत नाही.

कुणी म्हणेल, "चाकूनं पोरं मरताहेत आणि तुम्हाला कारणाचं पडलंय!" मरताहेत, म्हणूनच पडलंय. विनाकारण भिंतीला उभं केलेलं पोर उद्या चाकूवाल्याचं नाव पोलिसाला कशाला सांगेल?

भाचा पावती फाडणार होता. म्हटलं, जपून ठेव. कारण नव्हतं, हे सरकारनं लेखी दिलंय.