विश्लेषण : जिममधल्या ‘पेप्टाइड’ इंजेक्शनचा आणि कर्करोगाचा संबंध काय?

‘दुखापत लवकर भरते’, ‘स्नायू वाढतात’, ‘वय थांबतं’... गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर पेप्टाइड इंजेक्शनांचे असे दावे करणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. यातली अनेक पेप्टाइड्स शरीराला ‘वाढ’ असा संदेश देतात किंवा तो संदेश वाढवतात. पण हाच संदेश कर्करोगाच्या पेशींनाही ऐकू येतो. त्या तो कसा वापरतात, हे समजून घेऊ.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे नेमकं काय?

अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. इन्सुलिन हेही एक पेप्टाइडच. त्यामुळे सगळी पेप्टाइड्स वाईट, असं मुळीच नाही. यातली काही पेप्टाइड्स एका पेशीकडून दुसरीला ‘जग, वाढ, विभाजित हो’ असा निरोप पोहोचवतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणजे वृद्धी घटक म्हणतात. ५३ अमिनो आम्लांचा ‘ईजीएफ’ आणि ७० अमिनो आम्लांचा ‘आयजीएफ-१’ ही त्यातली ठळक नावं. या घटकांच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ मध्ये नोबेल मिळालं. जखम भरणं, मुलांची उंची वाढणं ही त्यांचीच कामं.

पेशी संकटात सापडली की काय होतं?

ऑक्सिजन कमी पडला, अन्न मिळेना किंवा डीएनएला इजा झाली की पेशीवर ताण येतो. इजा दुरुस्त होण्यापलीकडची असेल, तर पेशी शिस्तीत स्वतःला संपवते. याला ॲपॉप्टोसिस म्हणतात. बिघडलेली पेशी शिल्लक राहू नये, यासाठीची ही शरीराची सोय आहे. केमोथेरपी आणि रेडिएशनही बऱ्याच अंशी याच सोयीवर अवलंबून असतात. पेशीला इतकी इजा करायची, की तिने स्वतःच मरण पत्करावं.

मग कर्करोगाची पेशी वाचते कशी?

वृद्धी घटक पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला चिकटतो. कुलपात किल्ली फिरावी तसं आत एकामागून एक प्रथिनं जागी होतात. त्यातलं महत्त्वाचं प्रथिन म्हणजे ‘एकेटी’. ते पेशीला मरणाकडे ढकलणाऱ्या ‘बॅड’ नावाच्या प्रथिनाला निष्प्रभ करतं आणि वाढीची यंत्रणा सुरू ठेवतं. थोडक्यात, मरणाचा आदेश निघतो, पण त्याची अंमलबजावणी होत नाही.

निरोगी पेशीत हा संदेश गरजेपुरता येतो आणि थांबतो. कर्करोगाच्या काही पेशी मात्र वृद्धी घटक स्वतःच तयार करतात, काही रिसेप्टरची संख्या वाढवतात, तर काहींमध्ये ‘पीटेन’ नावाचा ब्रेकच निकामी झालेला असतो. गाठीत ऑक्सिजन कमी पडला की पेशी ‘व्हीईजीएफ’ सोडून नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेतात.

शेजारच्या निरोगी पेशीही नकळत मदत करतात. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावरच्या औषधाला काही गाठी दाद का देत नाहीत, याचं एक कारण २०१२ मध्ये समोर आलं. गाठीभोवतालच्या पेशी ‘एचजीएफ’ हा वृद्धी घटक पुरवतात आणि त्यामुळे कर्करोगाच्या पेशी औषधाच्या माऱ्यातही तग धरतात.

माणसांमध्ये याचा पुरावा आहे का?

एक्वाडोरमधल्या काही कुटुंबांत ‘लॅरॉन सिंड्रोम’ हा जनुकीय आजार आहे. या लोकांची उंची कमी राहते आणि शरीरात आयजीएफ-१ फारच कमी असतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ९९ जणांपैकी फक्त एकाला कर्करोग झाल्याचं आढळलं, तोही जीवघेणा नव्हता. त्यांच्या नातेवाइकांत मात्र हे प्रमाण १७ टक्के होतं.

उपचारांतही हे ज्ञान वापरलं जातं. स्तनाच्या काही कर्करोगांत ‘हर-२’ या रिसेप्टरला रोखणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ पासून वापरात आहे. पण प्रत्येक वेळी असं यश मिळत नाही. आयजीएफ-१चा रिसेप्टर बंद करणारी औषधं कर्करोगाच्या मोठ्या चाचण्यांत अपेक्षेइतकी चालली नाहीत. एक रस्ता बंद केला, की पेशी दुसरा शोधते.

म्हणजे पेप्टाइड घेतल्याने कर्करोग होतो?

तसं सिद्ध झालेलं नाही. पण ‘सुरक्षित आहे’ हेही सिद्ध झालेलं नाही. सध्या गाजणारं ‘बीपीसी-१५७’ प्राण्यांमध्ये नव्या रक्तवाहिन्यांना चालना देताना दिसलं आहे. माणसांवरचे अभ्यास मात्र मोजकेच आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये त्याला सुरक्षेबाबत चिंता असलेल्या घटकांच्या यादीत टाकलं. खेळाडूंना ते २०२२ पासून निषिद्ध आहे. ‘सीजेसी-१२९५’सारखी इंजेक्शनं ग्रोथ हार्मोन वाढवून आयजीएफ-१ची पातळी वर नेतात.

प्रश्न नवा कर्करोग होण्यापुरताच नाही. एखादी बिघडलेली पेशी शरीरात आधीच असेल आणि तिला बाहेरून ‘जग’ असा निरोप मिळाला तर? म्हणूनच आयजीएफ-१ची कमतरता असलेल्या मुलांना डॉक्टर देतात ते मेकासर्मिन हे औषधही कर्करोगाच्या रुग्णांना देऊ नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे.

आपण काय लक्षात ठेवायचं?

डॉक्टरांनी लिहून दिलेलं इन्सुलिन किंवा दुसरं कोणतंही औषध हे वाचून बंद करू नका. मात्र कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं असेल, तर ती माणसाला टोचण्यासाठी बनलेलीच नाही. तुम्हाला पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा घरात कोणाला झाला असेल, तर असं काही घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. रीलमध्ये दिसणारे दंड खरे असतीलही, पण शरीरात कोणती पेशी तो निरोप ऐकतेय, हे कुठल्याच रीलमध्ये दिसत नाही.