टबातले पाणी टबातच राहावे



शेतीच्या जोडीला चार पैसे मिळावेत म्हणून आपल्यापैकी अनेकांनी आता नवे धंदे धरले आहेत. कुणाची जमीन हमरस्त्याला लागून आहे, त्याने ढाबा घातला. कुणी तालुक्याच्या गावी खानावळ काढली. थंडीत हुरडा आणि उन्हाळ्यात आमरसाच्या पंगती अशी सोय पुष्कळ मळ्यांवर झाली आहे. २०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून या वाटेकडे अधिकच लक्ष गेले आहे. चांगलीच गोष्ट आहे.

अशाच एका घरच्या भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "साहेब, रविवारी साठ-सत्तर माणसे जेवतात. उष्टी भांडी मोठ्या टबात भिजत टाकतो. टाकताना आणि काढताना पाणी उडते. घासणाऱ्या बाईचे लुगडे भिजते, फरशी निसरडी होते, बाजूला धुऊन ठेवलेल्या ताटांवर पुन्हा शिंतोडे जातात. दोनदा घासायची वेळ येते. यावर उपाय काय?"

प्रश्न लहान दिसतो, पण लहान नाही. ढाब्याच्या पाटीवर आणि दिव्यांवर खर्च होतो. मागच्या मोरीकडे कुणी पाहत नाही. त्या मोरीत दिवसाचे सहा-सात तास कोण उभे असते? घरची सून, नाहीतर वस्तीवरची एखादी गरजू बाई. पावसाळ्यात भाताच्या चिखलात उभे राहून पायाच्या बोटांत चिखल्या होतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. भांडी घासणाऱ्या बाईला त्या बारा महिने होतात, कारण तिचा पाय कधी कोरडाच होत नाही. नखांच्या कडेला सूज येते. निसरड्या फरशीवरून गरम पातेल्यासह पडले तर हाड मोडणे आणि भाजणे दोन्ही एकदम होते. शिवाय उष्ट्याचे शिंतोडे पिण्याच्या पाण्यात किंवा चिरलेल्या कांद्या-काकडीत गेले तर जेवायला आलेला पाहुणा आजारी पडतो. म्हणून हा विषय आज सविस्तर घेऊ.

पाणी उडते कशाने?

फवारणीचा थेंब कुठे जातो याचा आपण विचार करतो, तसाच इथेही करावा. पाणी उडण्याची मुख्य कारणे चार.

पहिले कारण भांडे टाकण्याची उंची. टब जमिनीवर असेल तर बाई कमरेच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे तीन फुटांवरून, ताट सोडते. तेच ताट अर्ध्या फुटावरून सोडले तर पडण्याचा जोर सहापटीने कमी होतो. पाण्याला टेकवून सोडले तर जोर राहतच नाही.

दुसरे कारण भांड्याचा पडण्याचा कोन. आडवे ताट पाण्यावर थापटी मारल्यासारखे आपटते आणि चहूकडे पाणी फेकते. तेच ताट कडेवर उभे धरून सरकवले तर नांगराचा फाळ जमिनीत शिरावा तसे मुकाट आत जाते. वाटी, तांब्या, पेला पालथा दाबला तर आत हवा कोंडते आणि ती सुटताना बुडबुड्यासरशी पाणी उसळते. म्हणून ही भांडी तिरकी करून आत सोडावीत.

तिसरे कारण काठोकाठ भरलेला टब. भांडे आत गेले की तेवढे पाणी वर चढते. आपण शेततळे खोदतो तेव्हा पाण्याच्या पातळीच्या वर भरावाची काही उंची मोकळी ठेवतोच ना? तोच नियम टबाला लावा. भांडी बुडाल्यानंतरही पाणी काठापासून एक वीत खाली असले पाहिजे.

चौथे कारण नळाची धार. उंचावरून पडणारी धार डाव किंवा झाऱ्याच्या खोलगट भागात पडली की कारंज्यासारखी उडते. पळी, डाव नेहमी पालथे धरून धारेखाली घ्यावेत.

टब कसा असावा, कुठे असावा?

टब जमिनीवर ठेवू नये. विटांचा ओटा किंवा लोखंडी घोडी करून त्यावर ठेवावा. टबाचा काठ घासणाऱ्या बाईच्या कोपरापेक्षा थोडा खाली, कमरेच्या आसपास यावा. यामुळे पाणी उडणे कमी होतेच, शिवाय पाठही वाचते. घोडी मजबूत हवी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. साठ लिटरच्या टबाचे नुसत्या पाण्याचेच साठ किलो होतात, भांड्यांचे वजन निराळे. भरलेला टब उचलून किंवा ओढून नेऊ नये. बुडाशी बूच असलेला टब घ्यावा आणि बूच काढून पाणी नळीने गटारात सोडावे.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. पिंप कापून टब करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कीटकनाशकाचे, तणनाशकाचे किंवा कसल्याही रसायनाचे रिकामे पिंप, डबा वा कॅन या कामाला मुळीच वापरू नये. कितीही वेळा धुतले तरी नाही. अन्नासाठी बनवलेला नवा टब घ्यावा.

टबाच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड प्लास्टिकचा आडोसा उभा करावा. समोरची बाजू कामासाठी मोकळी राहते. आडोशाची खालची कड टबाच्या आत यावी, बाहेर नको. कौले घालताना वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर येते म्हणून पाणी घरात गळत नाही. तेच तत्त्व येथे आहे. कड बाहेर राहिली तर आडोशावर उडालेले सगळे पाणी ओघळून फरशीवर येईल. पत्र्याची धार हाताला लागू नये म्हणून ती दुमडून घ्यावी.

कामाचा ओघ एकाच दिशेने ठेवावा. आधी खरकटे काढण्याची जागा, मग भिजवण्याचा टब, मग घासण्याची जागा, मग विसळण्याचे स्वच्छ पाणी आणि शेवटी निथळण्याची मांडणी. पहिल्या आणि शेवटच्या जागेत जितके अंतर ठेवता येईल तितके ठेवावे. जागा अपुरी असेल तर मध्ये आडोसा घालावा. पिण्याच्या पाण्याचा माठ मोरीच्या बाजूला कधीही नको.

भिजवण्याची रीत

भांडे टबात जाण्यापूर्वी त्यातले खरकटे हाताने किंवा रबरी पट्टीने काढावे. ते जनावरांना घालावे की खतात टाकावे, हे पदार्थ पाहून ठरवावे. तिखट, तेलकट, आंबलेले उष्टे जनावरांना घालू नये. खरकटे काढलेले भांडे कमी वेळ भिजवले तरी चालते आणि टबातले पाणीही लवकर घाण होत नाही.

त्यानंतर सर्वांत सोपी युक्ती. रिकाम्या टबात आधी भांडी रचून घ्यावीत आणि मग कडेने संथ धारेने पाणी सोडावे. आपटण्याचा प्रश्नच मिटतो. गर्दीच्या वेळी भांडी एकेक करून येत राहतात, तेव्हा हे जमणार नाही. त्यासाठी आपल्या घरी टोमॅटो-भाजीसाठी असतो तसा जाळीदार प्लास्टिकचा क्रेट नवा आणून टबात बसवावा. ताटे क्रेटमध्ये उभी लावावीत. काढताना क्रेट सावकाश, किंचित तिरका उचलावा आणि पाण्याच्या वर धरून मनात दहा आकडे मोजावेत. पाणी टबातच निथळते. क्रेट एकट्याला सहज उचलेल इतकाच भरावा. सुऱ्या, विळ्या आणि काचेचे पेले टबात कधीही सोडू नयेत. फेसाळ पाण्यात ते दिसत नाहीत आणि हात कापतो.

सायकलवरून दूध नेणारे गवळी पूर्वी किटलीत गवताची पेंढी टाकीत, ती दूध हिंदकळू नये म्हणून. स्वच्छतेच्या दृष्टीने ती रीत वाईट, पण तिच्यातले तत्त्व खरे आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर काही अडसर असला की लाट मोडते. टबातली क्रेटची जाळी हेच काम करते. साबणाच्या फेसाचा पातळ थरही हिंदकळणे कमी करतो. मात्र म्हणून साबण जास्त घालू नये. तोच फेस खाली सांडला की फरशी निसरडी होते.

कोणत्या भांड्याला कसले पाणी, हेही लक्षात ठेवावे. दूध, अंडे, कणीक लागलेल्या भांड्याला आधी गार पाणी घालावे. गरम पाण्याने ते चिकटून बसते. तूप-तेलाच्या भांड्याला गरम पाणी चांगले, पण हाताला सोसेल इतकेच. उकळते पाणी भिजवणीच्या टबात ओतू नये. तेथे एक शिंतोडाही फोड आणतो.

जळलेली पातेली साफ करण्यासाठी काही ठिकाणी कॉस्टिक सोडा वापरतात. तो मी सुचवणार नाही. पाण्यात पडताच तो तापतो, त्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते आणि ॲल्युमिनियमची पातेली तो खाऊन टाकतो. त्याऐवजी पातेल्यात पाणी घालून मंद आचेवर थोडे उकळावे, निवू द्यावे आणि लाकडी उलथन्याने खरवडावे. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड हे दोन कधीही एकत्र येऊ देऊ नयेत; त्यातून विषारी वायू निघतो. धुण्याचे कोणतेही द्रव्य डोळ्यात उडाले तर डोळा उघडा धरून किमान पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

नळीचे टोक बुडवू नका

शिंतोडे उडू नयेत म्हणून नळीचे टोक टबाच्या तळाशी सोडून देण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. शिंतोडे थांबतात हे खरे, पण मागे मोठा धोका आहे. मोटार बंद पडली किंवा टाकीचे पाणी संपले की नळी उलटी ओढू लागते आणि उष्टे पाणी स्वच्छ पाण्याच्या वाहिनीत जाते. फवारणीच्या टाकीत नळी बुडवू नका असे आम्ही सांगतो ते याच कारणाने. नळीचे टोक टबाच्या आतल्या कडेला टेकवून, पण पाण्याच्या वर राहील असे अडकवावे. धार कडेवरून घसरत उतरते, उडत नाही आणि उलटे ओढण्याची भीतीही राहत नाही.

फरशी, वीज आणि सांडपाणी

मोरीत गुळगुळीत फरशी घालू नये. न घासलेली खडबडीत शहाबादी चांगली. दर पाच फुटांना सुमारे एक इंच उतार गटाराकडे द्यावा. पाणी शोषायला पोती अंथरू नयेत. ओले पोते पायाखालून सरकते आणि कुजते. घासणाऱ्या बाईला रबरी एप्रन आणि न घसरणारे बंद रबरी बूट द्यावेत. हा खर्च मालकाने करायचा आहे, तिच्या मजुरीतून कापायचा नाही. कामानंतर पाय पुसून कोरडे करायला सुती फडके आणि बसायला पाट असावा.

विजेचा बोर्ड मोरीपासून दूर आणि खांद्याच्या उंचीवर असावा. ओल्या हाताने बटण दाबू नये. ३० मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावा.

टबातले पाणी तेलकट असते. ते थेट शोषखड्ड्यात सोडले तर खड्डा तुंबतो. मध्ये दोन कप्प्यांची लहान टाकी बांधावी. तेलाचा तवंग वर राहतो, गाळ खाली बसतो आणि मधले पाणी पुढे जाते. तवंग व गाळ नियमित काढावा. ते पाणी कर्दळ, केळी यांना देता येते, पण रोज एकाच वाफ्यात सोडू नये. साबणातल्या सोडियममुळे जमीन घट्ट आणि चोपण होत जाते. आठवडाभर पाणी साचून राहिले तर डास झालेच समजा.

एक सोपी परीक्षा

आपल्या मोरीत पाणी किती उडते हे पाहायचे असेल तर गर्दीच्या वेळेपूर्वी निथळण्याच्या मांडणीपाशी आणि माठाच्या बाजूला जुनी वर्तमानपत्रे टांगावीत. काम संपल्यावर कागदावर कुठवर डाग पडले ते पाहावे. जिथे डाग तिथे उष्टे पोचले. सुधारणा केल्यावर पुढच्या रविवारी पुन्हा कागद टांगावेत. फरक डोळ्यांनी दिसेल आणि वाद घालावा लागणार नाही.

सगळे एकदम करता आले नाही तरी चालेल. पहिल्या आठवड्यात टब ओट्यावर चढवा, वीतभर रिकामा ठेवा आणि ताट कडेवर धरून सरकवण्याची सवय लावा. याला जवळजवळ काहीच खर्च नाही. दुसऱ्या आठवड्यात आडोसा आणि क्रेट. त्यानंतर फरशी आणि सांडपाणी. आणि हे सर्व ठरवताना मोरीत काम करणाऱ्या बाईला आधी विचारा. पाणी कुठून उडते आणि पाय कुठे घसरतो, हे तिच्याइतके कुणालाच माहीत नसते.

आपल्या दारी आलेला पाहुणा समाधानाने जेवून जावा आणि त्याचे ताट घासणारी बाई कोरड्या पायांनी घरी जावी. तुमच्या अडचणी जरूर कळवा. पुढच्या अंकी साठवणीच्या धान्याला कीड लागू नये म्हणून काय करावे, ते पाहू.